दुकानाला दोन कुलपे आणि राउटर उघडा

रात्री दुकान वाढवताना आपण शटर ओढतो, दोन्ही बाजूंना कुलपे लावतो, चार पावले गेल्यावर परत येऊन कुलूप ओढून पाहतो. गल्ला मोजूनच घरी नेतो. पण त्याच घरात, शोकेसवर किंवा दाराच्या वर खिळ्याला टांगलेली जी लहानशी डबी रात्रंदिवस लुकलुकत असते, तिची किल्ली कोणाजवळ आहे असे विचारले, तर आपल्यापैकी शंभरात पाच जणांनाही उत्तर देता येणार नाही. आम्हालाही गेल्या वर्षापर्यंत देता येत नव्हते, हे प्रथम कबूल करतो.

रमजानपूर्वीची गोष्ट. ईदच्या सीझनचा माल भरून लॉरी उभी होती. घरच्या वायफायवर ई-वे बिलाची साइट काही केल्या उघडेना. बाकी सर्व चालू, व्हॉट्सॲप चालू, साइट मात्र नाही. ५० हजारांवरचा माल परराज्यात न्यायचा तर बिलाशिवाय गाडी हलवता येत नाही. ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी हॉर्न वाजवी. शेवटी मोबाईलच्या नेटवर तीच साइट एका क्षणात उघडली, बिल निघाले, गाडी मार्गी लागली. संध्याकाळी भाच्याने राउटर पाहिला व सांगितले, "मामू, नेट ठीक आहे, पत्ता सांगणाराच गप्प बसला आहे." त्याने डीएनएसचे आकडे बदलले आणि साइट उघडली.

हा पत्ता सांगणारा कोण, ते समजून घेणे व्यापाऱ्याला अवघड नाही. मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटात नवखा माणूस गेला तर अमुक शेठचा गाळा कोणत्या गल्लीत हे त्याला कसे कळणार? तो दारावरच्या हमालाला विचारतो. हमाल गल्ली सांगतो, गाळा नंबर सांगतो, माणूस तिथे पोहोचतो. इंटरनेटचेही असेच आहे. आपण बँकेचे नाव लिहितो, पण यंत्र नाव ओळखत नाही, आकडा ओळखते. नावावरून आकडा सांगण्याचे काम डीएनएस करते. पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन अभियंत्याने १९८३ मध्ये ही व्यवस्था बसवली आणि मूळ रचना आजही तीच आहे. आपल्या घरी कोणत्या हमालाला विचारायचे, ते राउटरमध्ये लिहिलेले असते. आपण काही लिहिले नसेल तर जोडणी देणाऱ्या कंपनीने नेमलेलाच हमाल चालतो.

आता हमालच फितूर निघाला तर? बाजारात आपण हे पाहिलेले आहे. गिऱ्हाईक विचारते एका गाळ्याचा पत्ता, दलाल नेतो दुसऱ्याच गाळ्यात, कारण तिथे त्याची दलाली ठरलेली. इंटरनेटवर हाच धंदा फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. २०११ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या एफबीआयने एस्टोनिया देशातील एक टोळी उघडकीस आणली. तिने शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांचे डीएनएस गुपचूप बदलून लोकांना भलत्याच पानांवर नेले आणि जाहिरातींतून कोट्यवधी रुपयांची कमाई केली. पकडल्यावरही टोळीचे सर्व्हर लगेच बंद करता आले नाहीत, कारण लाखो लोकांचे नेट त्याच दिवशी ठप्प झाले असते. त्यांच्या जागी चांगले सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. त्याच सुमारास ब्राझीलमध्ये लाखो घरगुती मोडेमचे डीएनएस चोरांनी बदलले. संगणक स्वच्छ, मोबाईल स्वच्छ, पण दारावरची डबीच फितूर.

भाच्याने आमचा राउटर उघडला तेव्हा नाव 'ॲडमिन' आणि पासवर्डही 'ॲडमिन' होता. जोडणी देणारा मुलगा तसाच सोडून गेला होता आणि आम्ही चार वर्षे त्यावरून बँकेचे व्यवहार करीत होतो. आमच्या वायफायचा पासवर्ड कारागिरांपासून पाहुण्यांपर्यंत सर्वांना ठाऊक. त्यातल्या कोणालाही आत शिरून हमाल बदलता आला असता. आम्ही त्या रात्री साइट उघडली म्हणून खुश होण्याऐवजी या एका गोष्टीने बेचैन झालो. अल्लाहने राखले, एवढेच म्हणायचे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, आकडे बदलण्याआधी पासवर्ड बदला. राउटर उलटा करून पाहा, खालच्या चिठ्ठीवर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. ब्राउझरमध्ये तो लिहिला की पान उघडते. आधी आतला पासवर्ड बदलावा. हा वायफायच्या पासवर्डहून निराळा असतो, घोटाळा करू नये. मग वॅन किंवा डीएचसीपी असे लिहिलेल्या जागी डीएनएसचे दोन रकाने सापडतील. जुने आकडे कागदावर उतरवून घ्यावेत आणि मगच नवे भरावेत. गूगलचा आकडा ८.८.८.८ हा २००९ पासून आहे, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा २०१८ पासून. क्वाड-नाइन ही ना नफा तत्त्वावरील संस्था आहे, तिचा ९.९.९.९. ती फसव्या व धोकादायक साइट्सचे पत्ते सांगतच नाही. (आकडे अर्थातच इंग्रजीत भरायचे. आम्ही शाळेत उर्दू हिंदसे शिकलो, वह्या मराठीत लिहिल्या, आता राउटरपुढे तिसरी लिपी.)

घरात मुले आहेत त्यांच्यासाठी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे आहेत, २०२० पासून. धोकादायक साइट्सबरोबर अश्लील साइट्सही ते अडवतात. पैसा लागत नाही. आम्ही घरी हेच लावले आहेत. मात्र काही बुजुर्ग आता 'फिल्टर लावला, फिकीर संपली' असे समजू लागले आहेत, ते आम्हाला मान्य नाही. मुलाने वायफाय बंद करून मोबाईलचे नेट चालू केले की हा पहारा संपला. काही ब्राउझर स्वतःच निराळ्या डीएनएसला विचारतात, तिथेही राउटरचे चालत नाही. व्हॉट्सॲपवरून जे येते त्याला तर हा अडवूच शकत नाही. तरबियत करण्याचे काम आईबापांचे होते आणि आहे, दोन आकडे ते करणार नाहीत. दुसरीकडे 'हे पोरांचे काम, आम्हाला काय कळते' म्हणणारे व्यापारीही चुकतात. जमाखर्च मुनीम लिहितो, पण वही आपण तपासतोच ना?

बाजारात काही जण दोन-चारशे रुपये घेऊन 'डीएनएस बदलून स्पीड वाढवून देतो' म्हणतात. त्यांच्यापासून सावध राहावे. पत्ता लवकर कळेल, साइट उघडायला क्षणभर कमी लागेल. पण घेतलेला प्लॅन ५० चा असेल तर ५० चाच राहील. शिवाय अनोळखी माणसाने अनोळखी आकडे भरले, तर वर सांगितलेला फितूर हमाल आपण आपल्या हातानेच पैसे देऊन दारावर बसवला असे होईल. आणि कोणताही हमाल निवडला तरी आपण कोणकोणत्या गाळ्यांचे पत्ते विचारतो ते त्याला कळते. ही अमानत आहे. कोणाच्या हाती द्यायची ते घरच्या माणसाने ठरवावे.

बँकेच्या पानावर ब्राउझरने धोक्याचा इशारा दाखवला तर 'पुढे जा' कधीही दाबू नये, हेही इथेच सांगून ठेवतो. पत्ता खोटा सांगितला गेला असेल तर बहुधा तिथेच कळते.

काही कंपन्यांच्या डब्यांत हे आकडे बदलताच येत नाहीत. तिथे प्रत्येक मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधावे. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१८ पासून आहे. तिथे आकडा चालत नाही, त्या सेवेचे नाव लिहावे लागते.

राउटर रीसेट केला की सारे पुन्हा पहिल्यासारखे होते, पासवर्डसुद्धा. गेल्या महिन्यात लाइन दुरुस्त करायला आलेल्या मुलाने आमचा राउटर न विचारता रीसेट केला. आम्हाला आठ दिवसांनी कळले. आता आकडे आणि तारीख उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली आहे आणि दर जुम्याला नमाजीहून आल्यावर एकदा आत डोकावतो.