वेल दीर्घायुषी, धोरण अल्पायुषी

वाइनच्या द्राक्षाची वेल लावल्यानंतर भरवशाचे पीक हाती येण्यास दोन-तीन वर्षे जातात. सरकारी निर्णय मात्र काही महिन्यांतच बारगळू शकतो. नाशिकच्या वाइन उद्योगाची कोंडी या विसंगतीत आहे.

२००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून बनणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्कातून सवलत मिळाली, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. खाण्याच्या द्राक्षांचे भाव कोसळले की हवालदिल होणाऱ्या बागायतदाराला दुसरी बाजारपेठ मिळावी, हा त्यामागील हेतू होता. परिणामी नाशिक परिसरात वाइनरींची संख्या झपाट्याने वाढली. मात्र २००८ च्या जागतिक मंदीने आणि त्याच वर्षीच्या मुंबई हल्ल्यानंतर पर्यटनाला बसलेल्या फटक्याने मागणी घटली. टाक्यांत वाइन पडून राहिली आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा तोडल्या.

या शेतकऱ्याची अडचण समजून घ्यायला हवी. शिराझ किंवा कॅबर्ने सॉव्हिन्याँची बारीक, बियांची द्राक्षे थॉमसन सीडलेसप्रमाणे हातगाडीवर विकली जात नाहीत. वाइनरीने माल नाकारला, तर त्याच्यापुढे दुसरा खरेदीदार जवळजवळ नसतो. वाइनरीलाही हंगामात एकदाच द्राक्षे घेऊन पैसे गुंतवावे लागतात. विक्री पुढे वर्ष-दोन वर्षे चालते. त्यामुळे वीस टक्के मूल्यवर्धित करापैकी सोळा टक्के परत देणारी राज्याची प्रोत्साहन योजना या उद्योगासाठी कळीची ठरली. परतावा रखडला की खेळते भांडवल अडकते आणि त्याची झळ अखेर बागेपर्यंत पोहोचते.

त्यातच मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने प्रत्येक राज्याचा कर वेगळा, परवाना वेगळा, लेबलची नोंदणीही वेगळी. नाशिकची बाटली शेजारच्या राज्यात गेली की तिच्यावर नव्याने शुल्क लागते. मद्याच्या थेट जाहिरातीस वाव नाही. एप्रिल २०१९ पासून बाटलीवर आरोग्याचा इशारा छापणेही बंधनकारक झाले. मोठ्या कंपन्या हा खर्च पेलतात. सुला व्हिनयार्ड्सने तर वाइन पर्यटनाची जोड दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती शेअर बाजारातही उतरली. छोट्या वाइनरींना हे सहज साधत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शंभर चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीस मान्यता दिली. शेतकऱ्यांचे हित हे त्याचे समर्थन होते. भारतीय जनता पक्षाने विरोध केला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. जूनमध्ये सरकार कोसळले आणि निर्णय अमलात येण्यापूर्वीच मागे पडला. विरोध निराधार नव्हता. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात दारूबंदीचे उद्दिष्ट आहे आणि किराण्याच्या शेजारी बाटली दिसण्याचा सामाजिक परिणाम दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु एकीकडे सवलती देऊन बागा लावायला सांगायचे आणि दुसरीकडे विक्रीचा प्रश्न आला की नैतिकतेचा आधार घ्यायचा, हे शेतकऱ्याला परवडणारे नाही.

याच काळात परदेशी स्पर्धाही वाढू लागली. डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या ऑस्ट्रेलियाशी कराराने पाच डॉलरहून महाग बाटलीवरील सीमाशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. दहा वर्षांत ते ५० टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. हे वेळापत्रक आधीच जाहीर असल्याने परदेशी उत्पादक पुढील दशकाचा हिशेब मांडू शकतो. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला मात्र पुढच्या हंगामाचीही खात्री नसते.

वाइनला उत्तेजन द्यावे की आवर घालावा, यावर मतभेद राहतील. मात्र जो काही निर्णय होईल तो निदान एका वेलीच्या आयुष्याइतका टिकला पाहिजे. धोरणातील धरसोडीची किंमत आजवर बागेतील शेतकऱ्यानेच मोजली आहे.