एका सहीचा कारभार

बचत गट चालवणाऱ्या बाईला राज्यघटनेचे एक मोठे तत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. रोकड एकीकडे, वही दुसरीकडे, बँकेत दोघींच्या सह्या आणि महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर हिशेब. अध्यक्ष कितीही प्रामाणिक असली तरी सगळे तिच्याच हाती दिले की विचारणारे कोणी उरत नाही, हे आपल्याला ठाऊक असते. घटनेनेही हेच केले. कायदा करणारे वेगळे, तो राबवणारे वेगळे, आणि दोघांना चौकटीत ठेवणारी न्यायालये वेगळी.

१९९३ मध्ये लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभारालाही घटनेत जागा दिली. महापालिकेत सरकारने नेमलेले आयुक्त अंमल करतात, पण अंदाजपत्रक मंजूर करते ते आपण निवडलेले सभागृह. या सभागृहालाही मर्यादा आहे. मुदत पाच वर्षे, त्याहून जास्त नाही. आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे अनुच्छेद २४३ यू सांगतो.

मग कल्याण-डोंबिवलीत काय झाले? २०१५ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. पुढचे मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी! मधली पाच वर्षे आयुक्तच प्रशासक. प्रस्ताव त्यांनी मांडायचा, सभागृहाच्या जागी बसून त्यांनीच मंजूर करायचा आणि त्यांनीच राबवायचा. अंदाजपत्रकाचेही तेच. रेशन दुकानदारानेच स्वतःचे माप तपासावे, तसा हा प्रकार.

कारणे दिली गेली. आधी करोना. मग ओबीसी आरक्षणाचा वाद, तो न्यायालयात. ओबीसींचा हक्क खराच आहे. त्यासाठी लागणारी आकडेवारी वेळेत गोळा करणे सरकारचे काम होते. त्यातच मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला. निवडणूक लढवणाऱ्या पक्षांच्याच सरकारने प्रभागांच्या रेषा आखायच्या! सर्वोच्च न्यायालयातही प्रकरण लोंबकळत राहिले. ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश झाला, तोही पाळला गेला नाही. शेवटी ३१ जानेवारी २०२६ ही मुदत घालून द्यावी लागली.

या काळात आपले काय गेले, ते मोजू या. १२२ जागांपैकी निम्म्या, म्हणजे ६१, बायकांच्या. पन्नास टक्के आरक्षण कागदावर शाबूत राहिले आणि बसायची खुर्चीच उचलून नेली. महिला व बालकल्याण समितीही सभागृहाबरोबर गेली.

मोहन्याकडे पाहा. इथली एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच जागेवरच्या नियोजित सिमेंट प्रकल्पाची जनसुनावणी झाली. धुळीची, पाण्याची, मुलांच्या छातीची काळजी असलेल्या लोकांनी विरोध नोंदवला. पर्यावरणाची परवानगी महापालिकेच्या हातात नसते, हे खरे. पण सभागृह असते तर तिथे प्रश्न विचारता आला असता, ठराव करता आला असता. त्या दिवशी मोहन्याचा एकही नगरसेवक पदावर नव्हता.

काही जण म्हणतात, ‘नगरसेवक खातात, त्यापेक्षा प्रशासक बरा.’ खाणाऱ्याला पाच वर्षांनी घरी बसवता येते. प्रशासकाला कोणत्या मतपेटीतून हटवणार? दुसरे म्हणतात, ‘बाई नावापुरती, कारभार नवऱ्याचा.’ असे पुष्कळ ठिकाणी घडते, आपण ते पाहतो. पण बाई खुर्चीवर असते तेव्हा तिला जाब विचारता येतो, आणि ती स्वतःही बोलायला शिकते. रिकाम्या खुर्चीला ना जाब विचारता येतो, ना ती काही शिकते.

मैत्रिणींनो, निवडणूक झाली म्हणून हा विषय संपलेला नाही. एकदा पाच वर्षे निभावली, ती पुन्हाही निभावतील. म्हणून नव्या नगरसेविकांकडे, त्या कोणत्याही पक्षाच्या असोत, आपण तीन गोष्टी मागू या. एक, प्रशासकाच्या काळातल्या मोठ्या खर्चाचा आणि ठेक्यांचा हिशेब सभागृहासमोर आणा. दोन, महापालिका कायद्यात २००९ पासून असलेली क्षेत्रसभा वस्तीवस्तीत भरवा. तीन, मुदत संपल्यावर प्रशासक आलाच, तर त्याने रोजचा कारभार तेवढा पाहावा, धोरणाचे निर्णय घेऊ नयेत, अशी कायद्यात दुरुस्ती करण्याचा ठराव सरकारकडे पाठवा.

गटातल्या शंभर रुपयांसाठी आपण दोन सह्या मागतो. अख्ख्या शहराच्या तिजोरीसाठी एक सही कशी चालवून घ्यायची?