ओव्हनमधले केस

आमच्या आजीच्या पेटीत एक गंगावन होतं. लग्नकार्याला ती ते अंबाड्यात घाली, आणि ओसरीवरून पाहणाऱ्यालाही कळे की हे केस तिचे नव्हेत. आजीचे केस कुरळे, राठ. गंगावन सुतासारखं सरळ. घरात कुणी बोलत नसे, एवढंच. नेओमी सिम्सबद्दल वाचताना ते गंगावन अचानक आठवलं.

नेओमीची ओळख 'अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय सुपरमॉडेल' अशी करून देतात. मला तिच्या चेहऱ्यापेक्षा तिची व्यवहारबुद्धी जास्त आवडते. जन्म 1948चा, मिसिसिपीतल्या ऑक्सफर्ड गावचा. वाढली पिट्सबर्गमध्ये, काही काळ परक्या घरी. तेराव्या वर्षीच उंची पाच फूट दहा इंच, त्यामुळे शाळेत काय काय ऐकावं लागलं असेल ते सांगायला नको. शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला फॅशनचं शिकायला आली. पैशांची ओढाताण होती म्हणून मॉडेलिंग करून पाहावं म्हटलं, तर एजन्सीवाले नाही म्हणाले. रंग फार काळा, हे कारण काहींनी तोंडावर सांगितलं.

मग ती थेट छायाचित्रकाराकडेच गेली. गोस्टा पीटरसन त्याचं नाव. त्याची बायको न्यूयॉर्क टाइम्समध्ये फॅशनचं पान सांभाळत असे. ऑगस्ट 1967मध्ये टाइम्सच्या फॅशन पुरवणीच्या मुखपृष्ठावर नेओमी झळकली. आता दारं उघडतील असं आपल्याला वाटतं. उघडली नाहीत. एजन्सीवाले जागचे हलले नाहीत.

तेव्हा तिनं जे केलं ते एखाद्या मुरलेल्या विक्रेत्यालाच सुचावं. विल्हेल्मिना कूपर ही स्वतः नावाजलेली मॉडेल नवी एजन्सी काढत होती. नेओमी तिला म्हणाली, पुरवणीच्या प्रती जाहिरात कंपन्यांना मी पाठवते, सोबत फोन नंबर तुझा देते. कुणी बोलावलंच तर कमिशन तुझं. विल्हेल्मिनाचं यात जाणार काहीच नव्हतं. वर्षाच्या आत नेओमी आठवड्याला हजार डॉलर कमवू लागली. नोव्हेंबर 1968मध्ये 'लेडीज होम जर्नल'चं मुखपृष्ठ, ऑक्टोबर 1969मध्ये 'लाइफ'चं. 1883पासून घरोघरी जाणाऱ्या 'जर्नल'नं तोवर एकाही कृष्णवर्णीय मॉडेलला मुखपृष्ठावर घेतलं नव्हतं.

तिच्याआधी डॉन्येल लूना होती, हे विसरून चालणार नाही. मार्च 1966च्या ब्रिटिश 'व्होग'च्या मुखपृष्ठावर ती आहे. पण बोटं चेहऱ्यावर अशी धरलेली, की नाक-ओठ झाकलेले आणि दिसतो तो एक डोळा. लूना तेहतिसाव्या वर्षी रोममध्ये गेली.

नेओमीला सिनेमाही चालून आला होता, 'क्लिओपात्रा जोन्स'मधली मुख्य भूमिका. त्यात कृष्णवर्णीयांचं जे चित्र रंगवलं होतं ते पाहून तिनं नकार दिला. आणि 1973मध्ये, वयाच्या पंचविशीत, मॉडेलिंगच सोडलं.

सोडून काय केलं? केसांचे टोप. बाजारातले टोप गोऱ्या बायकांच्या केसांसारखे. कृष्णवर्णीय बाईनं घातला की माझ्या आजीच्या गंगावनासारखी गत. नेओमीनं कृत्रिम केस घरच्या ओव्हनमध्ये भाजून पाहिले, सरळ केलेल्या कुरळ्या केसांचा पोत साधेपर्यंत. त्यातून तिच्या नावाचे टोप बाजारात आले, आणि पुढे सौंदर्यप्रसाधनंही. पुस्तकं लिहिली, तीही कृष्णवर्णीय बायकांच्या आरोग्याची, सौंदर्याची, व्यवसायाची. 2009मध्ये कर्करोगानं गेली.

मॉडेल म्हणून तिची कारकीर्द जेमतेम सहा वर्षांची. अमेरिकन 'व्होग'नं मुखपृष्ठावर पहिली कृष्णवर्णीय मॉडेल घेतली ती ऑगस्ट 1974मध्ये, बेव्हर्ली जॉन्सन. तोवर नेओमी टोपांच्या धंद्यात पडून वर्ष होत आलं होतं.