घरच्या प्रेक्षकाचा कौल

चित्रपटाविषयी बोलण्याचा अधिकार समीक्षकांचा, आणि घरी बसून चित्रपट पाहणाऱ्याचे मत म्हणजे जेवणानंतरच्या गप्पा, अशी एक समजूत रूढ झाली आहे. भारतीय कलाविचाराला ती मान्य नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीची चर्चा करणारा स्वतंत्र अध्याय आहे. प्रेक्षकाचे स्मित, त्याचे हसू, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' असे त्याच्या मुखातून सहज निघणारे उद्गार यांना तेथे यशाचे गमक मानले आहे. तरुण, वृद्ध, शूर आणि विद्वान यांच्या आवडी भिन्न असणार, हेही मुनींनी मोकळेपणाने स्वीकारले आहे. सर्व गुण एकाच प्रेक्षकाच्या ठायी असावेत, असा त्यांचा आग्रह नाही.

भारतीय चित्रपटसृष्टीचा प्रारंभही एका प्रेक्षकाच्या मनातच झाला. १९१० च्या सुमारास मुंबईत धुंडिराज गोविंद फाळके यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील परदेशी चित्रपट पाहिला. तो पाहताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. पत्नी सरस्वतीबाईंना बरोबर घेऊन त्यांनी तो पुन्हा पाहिला. आपली दैवते, आपले आदर्श या पडद्यावर कधी दिसणार, या तळमळीला ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र'च्या रूपाने उत्तर मिळाले. फाळक्यांनी परक्या कलाकृतीचा द्वेष केला नाही. तिचे तंत्र आत्मसात केले आणि आशय स्वतःचा दिला. डोळस प्रेक्षक काय घडवू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

पुढे चित्रपट घरात आला, तोही कुटुंबासाठी. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका सुरू असताना रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. ज्यांच्या घरी संच नसे, ते शेजाऱ्यांकडे जात. २०२० च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा दाखविली गेली, तेव्हा तीन पिढ्या पुन्हा एकत्र बसल्या. आजी प्रसंगामागची कथा सांगत होती, नातू प्रश्न विचारीत होता. संस्कार या शब्दाचा व्यवहारातला अर्थ हाच आहे.

आज चित्र पालटले आहे. घर एकच, पण पडदे चार. वडील दिवाणखान्यात, मुलगी तिच्या खोलीत, मुलगा पांघरुणात मोबाईल घेऊन, आणि प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र ध्वनियंत्र. पुढे काय पाहायचे, हे घर ठरवीत नाही. संगणकाची गणिते ठरवितात. चित्रपट संपतो आणि त्याविषयी एक शब्दही न बोलता दुसरा सुरू होतो. वाईट चित्रपट पूर्वीही निघत होते. परंतु 'हे काही बरे नाही' असे म्हणणारे माणूस तेव्हा शेजारी बसलेले असे. आता शेजारी कोणी नाही, हे खरे संकट आहे.

शासनाने आपल्या परीने व्यवस्था केली आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी आंतरजालावरील चित्रपट व मालिकांचे वयानुसार वर्गीकरण आणि पालकांसाठी कुलुपाची सोय बंधनकारक केली. मात्र कुलूप दार बंद करते, अभिरुची घडवीत नाही. ती घरातील संवादातूनच घडते.

अशी अभिरुची किती मर्मग्राही असते, हे पाहायचे असेल तर प्रभातचा 'संत तुकाराम' घरच्या मंडळींसह पाहावा. दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या या चित्रपटाचा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. परंतु घरातील स्त्रियांच्या मनात ठसते ती संसाराचा गाडा एकटीने ओढणारी, आजारी मुलासाठी देवळात जाऊन थेट विठोबाला जाब विचारणारी तुकोबांची पत्नी. भक्ती आणि प्रपंच यांतील ताण कोणत्याही परिभाषेवाचून त्यांना उमगतो. 'श्वास' (२००४) मध्ये नातवाचे प्राण वाचविण्यासाठी त्याची दृष्टी गमवावी लागणार, हे कळल्यावर शस्त्रक्रियेपूर्वी त्याला जग दाखवायला नेणारे आजोबा पाहून घर स्तब्ध होते. या स्तब्धतेला राष्ट्रीय पुरस्काराइतकेच मोल आहे.

येथे एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. विषय आपला आहे, म्हणून चित्रपट चांगला ठरत नाही. भगवा ध्वज, तलवारींचा खणखणाट आणि टाळ्याखाऊ संवाद यांच्या आड दुबळी पटकथा लपविली जात असेल, तर ती दुबळी आहे असे सांगणे हे सुजाण प्रेक्षकाचे कर्तव्यच आहे. शिवछत्रपतींसारख्या युगपुरुषावर सुमार चित्रपट काढणे हाही एक प्रकारचा अनादर होय. 'आपला' म्हणून केलेली भलामण अखेर आपल्याच विषयाचे अवमूल्यन करते. जे नापसंत आहे त्याचा नुसता निषेध करून भागत नाही. जे उत्तम आहे त्याला प्रेक्षक मिळवून द्यावा लागतो.

हा प्रेक्षक मिळाला नाही तर काय होते, याची साक्ष इतिहास देतो. आपल्या मूकपटांपैकी बहुसंख्य आज नष्ट झाले आहेत. खुद्द 'राजा हरिश्चंद्र'ही मूळ स्वरूपात संपूर्ण उपलब्ध नाही. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली, तोवर पुष्कळ काही हातचे गेले होते. संग्रहालय चित्रफीत जपू शकते. तिची आठवण समाजालाच जपावी लागते.

यासाठी मोठ्या मोहिमेची आवश्यकता नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक पडदा, सर्वांनी मिळून निवडलेला एक चित्रपट आणि तो संपल्यावर अर्धा तास मोकळी चर्चा, एवढे पुरेसे आहे. त्या चर्चेत धाकट्याच्या मतालाही थोरल्याच्या मताइतकाच मान असावा. आवडले ते का आवडले आणि खटकले ते का खटकले, हे सांगण्याची सवय ज्या घराला लागेल, त्या घरातील मुलांना काय पाहावे हे कोणी शिकविण्याची गरज उरणार नाही.