मारणार काय, ते आधी सांगा

शिकारीची रायफल हौसेनं सजवून घेणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो: मारणार काय? कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या मलकापुरात याचं सरळ उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. एक म्हणतो, नुसती संग्रहाला. दुसरा म्हणतो, शेताच्या राखणीला. तिसऱ्याचे दोन पेग झालेले असतात, तो तेवढा खरं बोलतो.

अमेरिकेत हा धंदा जोरात आहे. कारखान्याची ठरलेली यंत्रणा घ्यायची, तिला आपल्या पसंतीची नळी, कार्बन फायबरचा दस्ता, हलका चाप आणि वर दुर्बीण बसवून घ्यायची. त्याला सेमी-कस्टम म्हणतात. अख्खी बंदूक हातानं घडवून घेण्याचा निम्मा तोरा कमी पैशात मिळतो. तिथल्यांशी माझं भांडण नाही. तिथं शिकारीला परवाना आहे, हंगाम आहे, किती जनावरं मारायची याला मर्यादा आहे. शिवाय १९३७ च्या कायद्यानं रायफलींवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो वन्यजीवांच्या कामाला जातो. म्हणजे तिथला शिकारी जंगलाचं देणं थोडं तरी फेडतो. आमचा गडी फुकटात व्हिडिओ बघतो आणि आंबा घाटातल्या रिसॉर्टवर बसून "भावा, असली एक पाहिजे राव" म्हणतो.

असली एक त्याला मिळत नाही. परदेशी बंदुकांची आयात सर्वसामान्यांसाठी ऐंशीच्या दशकातच बंद झाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. परवान्यावर मिळते ती बहुतेक बारा बोअर, नाहीतर सरकारी कारखान्याची ३१५ ची रायफल, जिचा सांगाडा इंग्रजांच्या ली-एनफील्डचा. मग तिलाच अक्रोडाचा दस्ता, तिलाच दुर्बीण. ज्या बंदुकीनं आयुष्यात दसऱ्याची पूजा सोडून काही पाहिलं नाही, तिला लांब पल्ल्याची दुर्बीण कशाला? फोटोत चांगली दिसते म्हणून.

ज्यांना परवान्याची कटकट नको, ते छऱ्याच्या बंदुकीकडे वळतात, आणि खरा बाजार तिथं भरलाय. साडेचार मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतचा जोर असेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. दस्ता निवडा, रंग निवडा, दुर्बीण निवडा, माल घरपोच. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं नेमबाजी शिकणारी पोरं असतील. आमच्याकडे ती बंदूक रानात ससे आणि हरोळ्या टिपायला जाते. बंदुकीला परवाना लागत नाही म्हणजे शिकारीला लागत नाही, असा सोयीचा अर्थ काढलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याला बंदूक कुठली याच्याशी देणंघेणं नाही. गलोलीनं मारलंत तरी ती शिकारच, आणि गव्यासारखं पहिल्या अनुसूचीतलं जनावर असेल तर तीन ते सात वर्षं आत. अरुणाचल हा पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्यांचा मुलूख. तिथं २०२१ पासून लोक आपल्या छऱ्याच्या बंदुका सरकारजमा करायला लागले. आम्ही पुरोगामी जिल्ह्याचे लोक त्या मागवतोय.

हटकलं की हमखास ऐकायला मिळतं, "आमच्या राजांनी शिकार केली, मग आम्ही का नको?" केली, हे खरंच. कोल्हापूर संस्थानानं आफ्रिकेतून चित्ते आणून शिकारीसाठी पाळले. हिंदुस्थानातले राजेरजवाडे लंडनच्या नामांकित कारागिरांकडून आपल्या मापाच्या रायफली करून घेत. पण शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहंही उभी केली आणि १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागासांसाठी राखून ठेवल्या. त्यांचं अनुकरण करायची एवढी हौस असेल, तर वसतिगृहाला खोली बांधून देताना कुणी कसं दिसत नाही? आणि संस्थानचं शिकारीचं राखीव रान म्हणजे दाजीपूर. तेच १९५८ साली राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं. राजांच्या रानानं बंदूक टाकली त्याला साठ वर्षं उलटून गेली. ही बातमी रिसॉर्टपर्यंत पोचायची आहे.

आता राखणीचं. या कारणापुढं मी गप्प बसतो, कारण ते खरं आहे. फक्त ते तुमचं नाही. शाहूवाडी तालुक्याच्या डोंगरकपारीला ज्याचं भात आणि ऊस आहे, त्याला रानडुक्कर आणि गवा काय करतो ते विचारा. एका रात्रीत अख्खा वाफा लोळवलेला असतो. तो माणूस माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवतो, सुतळी बॉम्ब फोडतो. फार तर घरात आजाची ठासणीची बंदूक असते. तिच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी त्याचे हेलपाटे चाललेले असतात. त्यात निवडणूक लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा. २०२४ ची विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं. ऐन भातकापणीचा हा काळ. डुकरांना आचारसंहिता नव्हती. कुणाचं हत्यार ठेवायचं आणि कुणाचं सोडायचं, हे ठरवायला छाननी समिती असते. तिच्यापुढं वजन पडतं ते गळ्यात साखळी असलेल्याचं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्याचं नाही, असं माझं मत आहे आणि ते मी कुठंही सांगायला तयार आहे.

२०१५ मध्ये राज्यानं पीक नासणारं रानडुक्कर वनखात्याच्या परवानगीनं मारायची वाट मोकळी केली. तिथंसुद्धा मेलेलं जनावर सरकारचं, ताटातलं नव्हे. ही एक ओळ मोठ्यानं वाचून दाखवली की राखणीला निघालेल्या निम्म्या मंडळींचा उत्साह मावळतो.

आणि जंगल रिकामं आहे, कोण बघतंय, अशा समजुतीत कुणी राहू नये. २०२२ मध्ये चांदोलीत वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत बंदूकधारी शिकारी सापडले, घरापर्यंत माग काढून त्यांना उचललं. चांदोलीचं रान आमच्या शाहूवाडी तालुक्यातही येतं.

नेमबाजीचीच आवड असेल, तर तिला या जिल्ह्यासारखा जिल्हा नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला रायफलचं कांस्य आणलं. दस्ता अंगाला बेतून घेणं, नळीला कुठलं काडतूस मानवतं ते तपासत बसणं हे त्या खेळात हौसेखातर नसतं, गरजेपोटी असतं. ५० मीटरवर त्यांच्या कागदावरचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो. तुमची सजवलेली बंदूक घेऊन कोल्हापूरच्या रेंजवर या, कशावर रेलून नाही, उभं राहून तो गोल एकदा फोडून दाखवा. मग दुर्बिणीचं बोलू.