पोरं टस्कलूसाला का जायची?

अमेरिकेत ऑगस्ट संपत आला की एक रडगाणं हमखास ऐकू येतं. "आता कॉलेज फुटबॉल पूर्वीसारखं राहिलं नाही. पूर्वी पोरं कॉलेजच्या नावासाठी खेळायची, जर्सीसाठी खेळायची. आता सगळा पैशाचा बाजार!" हे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा पन्नाशीच्या पुढचा असतो, आणि अंगात त्याच कॉलेजचा, चांगले दाम मोजून घेतलेला टी-शर्ट असतो. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून आज लिहायला बसलो.

(आपल्याकडच्या वाचकांसाठी: हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा तो. शाळेतून थेट व्यावसायिक एनएफएलमध्ये जाता येत नाही, मध्ये तीन वर्षं जावी लागतात. म्हणजे ती कॉलेजात काढण्यावाचून गत्यंतर नाही. त्यासाठी सतरा वर्षांच्या पोराच्या घरी मोठमोठे कोच येऊन सोफ्यावर बसतात आणि आईच्या हातच्या जेवणाची तारीफ करतात.)

उदाहरण अलाबामा विद्यापीठाचंच घेऊ, कारण सगळ्यात मोठ्याने उसासे तिथलेच ऐकू येतात. टस्कलूसा हे गाव जेमतेम लाखभर वस्तीचं, आणि स्टेडियमही लाखभर माणसांचं! तुआ तागोवाइलोआ हवाईतून तिथे आला, मार्क इन्ग्रम मिशिगनमधल्या फ्लिंटहून, नाजी हॅरिस कॅलिफोर्नियातून. समुद्रकिनारा सोडून कुणी टस्कलूसाला का यावं?

उसासेवाल्यांचं उत्तर ठरलेलं: परंपरा. बेअर ब्रायंट, १९५८ ते १९८२, सहा राष्ट्रीय विजेतेपदं, ती चौकड्यांची हॅट. ठीक आहे. पण या परंपरेला १९६३ चा जूनसुद्धा जोडलेला आहे, जेव्हा राज्याचा गव्हर्नर वॉलेस दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट अडवायला विद्यापीठाच्या दारात उभा राहिला होता. फुटबॉल शिष्यवृत्तीवर पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, विल्बर जॅक्सन, यायला १९७० उजाडलं. म्हणजे 'पूर्वी पोरं जर्सीसाठी यायची' यातली 'पोरं' म्हणजे नेमकी कोणती, हे आधी सांगा. ज्यांना ती जर्सी मिळणारच नव्हती, त्यांच्या प्रेमाचं काय?

बरं, परंपरा तर ब्रायंट गेल्यावरही तिथेच होती. हॅट होती, बँड होता, गाणं होतं. तरी २००६ च्या मोसमात संघ जिंकला सहा आणि हरला सात. मग २००७ च्या जानेवारीत निक सेबन आला. त्याचं येणंही ऐकण्यासारखं आहे. तेव्हा तो मायामीच्या व्यावसायिक संघाचा कोच होता. 'मी अलाबामाचा कोच होणार नाही' असं त्याने डिसेंबरात जाहीर सांगितलं आणि दोनच आठवड्यांनी तो अलाबामाचा कोच झाला, आठ वर्षांचे सुमारे ३.२ कोटी डॉलर्स ठरवून. त्याला कुणी लोभी म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. विमानतळावर गर्दी लोटली होती म्हणे!

त्याच्या पहिल्या मोसमात संघ सात जिंकला, सहा हरला. तरी २००८ च्या फेब्रुवारीत देशातली उत्तमातली उत्तम पोरं तिथे सह्या करून आली. हूलिओ जोन्स त्यातलाच, इन्ग्रमही. का आली? संघात जागा रिकाम्या होत्या, पहिल्या वर्षापासून खेळायला मिळणार होतं. जोन्स तर पहिल्या सामन्यापासून खेळला. इन्ग्रमचे वडील मिशिगन स्टेटला खेळत तेव्हा सेबन तिथे साहाय्यक कोच होता, म्हणजे घरची ओळख. आणि लुईझियाना स्टेटला त्याने २००३ चं विजेतेपद मिळवून दिलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. यात जर्सीचा रंग कुठे आला? चांगला मास्तर कोण आणि मला फळ्यापाशी कोण बोलावेल, एवढाच हिशेब.

पुढे हिशेब आणखी सोपा झाला. २०२१ च्या एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत एकट्या अलाबामाचे सहा खेळाडू गेले. पहिल्या फेरीत नाव लागणं म्हणजे काही दशलक्षांचा करार. कॉलेज फुटबॉल खेळणाऱ्यांतले शंभरात दोनही एनएफएलपर्यंत पोचत नाहीत, तिथे हे कॉलेज सहा-सहा जणांना पहिल्या फेरीत पाठवत होतं. आपल्याकडे बारावीचं पोरगं प्लेसमेंटचे आकडे बघून इंजिनियरिंग कॉलेज निवडतं, तेव्हा आपण पेढे वाटतो. फ्लिंटच्या पोराने तेच केलं तर खेळ बाटला?

आता पैशाचं. पूर्वी पैसा नव्हता असं कोण म्हणतं? मेम्फिसच्या एका तगड्या पोराला अलाबामाकडे वळवण्यासाठी अलाबामाच्या एका धनाढ्य पाठीराख्याने पैसे मोजले. ही २००० च्या आसपासची गोष्ट. २००२ मध्ये संघावर बंदी आली, २००५ मध्ये तो पाठीराखा कोर्टात दोषी ठरला. गंमत म्हणजे पैसे दिले गेले ते पोराच्या शाळेतल्या कोचला! मला हे प्रकरण फार बोलकं वाटतं. किंमत पोराची, विक्रेता दुसराच. आणि हाच म्हणे तो निर्मळ जमाना.

२०२१ च्या जुलैपासून पोरांना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमावायची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या जुलैपासून कॉलेजं त्यांना थेट वाटा देऊ लागली, पहिल्या वर्षी एका कॉलेजला जास्तीत जास्त सुमारे दोन कोटी डॉलर्स. तेही एका फुटबॉलपटूला नाही, सगळ्या खेळांतल्या सगळ्यांना मिळून. याउलट टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये आपल्या कोचला नारळ दिला, तेव्हा नुसतं घरी बसण्याचे त्याला साडेसात कोटींहून अधिक देणं लागत होतं. पण बाजार कुणी मांडला? तर म्हणे पोरांनी.

नव्या व्यवस्थेत सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. दरवर्षी कॉलेज बदलणाऱ्या पोराचं शिक्षण काय होत असेल, हा प्रश्न मलाही पडतो. पण तो पूर्वीही कुणी विचारत नव्हतं. शिष्यवृत्त्या पंच्याऐंशी आणि सह्या केलेली पोरं त्याहून जास्त, असं झालं की कुणाला तरी वाट धरावी लागे. तेव्हा निष्ठेचा विषय निघत नसे.

२०२४ च्या १० जानेवारीला सेबन निवृत्त झाला. हॅट, बँड, गाणं, लाखाचं स्टेडियम, सगळं जागच्या जागी होतं. तरी पुढच्या काही दिवसांत कॅलेब डाउन्स ओहायो स्टेटला गेला, आयझाया बाँड टेक्ससला, नुकताच आलेला क्वार्टरबॅक जूलियन सायिनही ओहायोला. ज्याच्यासाठी आले होते तोच उठून गेला, मग तेही गेले. इंटरनेटवर त्यांचा जो उद्धार झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

त्याच आठवड्यात सेबनच्या जागी केलन डिबोअर आला. चारच दिवसांपूर्वी तो वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संघाला राष्ट्रीय अंतिम सामन्यात खेळवत होता. तिथे जेमतेम दोन वर्षं काढली होती त्याने. टस्कलूसात त्याचं स्वागत झालं, टाळ्या वाजल्या, आणि गावातल्या दुकानांत टी-शर्ट विक्रीला आलेच.