शोध अहवाल कुणाचा, वकील कुठला

पुण्यात सत्तर लाखांची सदनिका घेणारे कुटुंब सात टक्क्यांप्रमाणे ४ लाख ९० हजार रुपये मुद्रांक शुल्क भरते (घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत), वर ३० हजार रुपये नोंदणी फी भरते, दलालाची दलाली आणि बँकेची प्रोसेसिंग फी देते, आणि स्वतःचा वकील नेमण्याचा विषय निघाला की हात आखडता घेते. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद साफ असणारच, प्रकल्पाला रेरा क्रमांक आहे, दस्त सरकारी कचेरीत नोंदला जाणार आहे. मग आणखी वकील कशाला? हा पूर्वपक्ष अडाण्यांचा नाही. चांगली शिकलेली, हिशेबी माणसे तो मांडतात, आणि तीन वेगवेगळ्या यंत्रणांवरचा विश्वास त्यामागे असतो. तो विश्वासच चुकीच्या जागी ठेवलेला आहे. तिन्ही यंत्रणा आपापले काम करतात, पण घर घेणाऱ्याचे काम त्यांतली एकही करत नाही. त्यासाठी त्याने स्वतः फी देऊन नेमलेला वकील लागतो, आणि तो जिथे घर आहे त्याच तालुक्यात रोज काम करणारा असावा लागतो. यातला पहिला भाग निदान तत्त्वतः लोकांना पटतो. दुसरा भाग मात्र सहसा विचारातच घेतला जात नाही, म्हणून त्याबद्दल अधिक लिहिणे भाग आहे.

आधी नोंदणीचे पाहू. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते. त्यावरून नोंदणी झाली म्हणजे मालकी मिळाली, अशी समजूत घट्ट बसली आहे. पण दुय्यम निबंधक नोंदवतो तो दस्त, मालकी नव्हे. लिहून देणारा तोच माणूस आहे का, त्याला मजकूर मान्य आहे का, मुद्रांक पुरेसा आहे का, हे तो पाहतो. विकणारा खरोखर मालक आहे का, हा प्रश्न त्याच्या टेबलावर येतच नाही. तमिळनाडूने एक नियम करून तो प्रश्न तिथे आणण्याचा प्रयत्न केला होता. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला आणि विक्रेत्याचे टायटल तपासणे हे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नाही, असे स्पष्ट केले. सातबाऱ्याचेही तेच. जमीन महसूल संहितेचे कलम १५७ त्यातली नोंद खरी मानते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. सरकार आपल्या मालकीची हमी देते, असे ज्याला वाटते त्याने ही हमी कुठल्या कलमात आहे ते एकदा शोधून पाहावे.

बँकेचा वकील टायटल तपासतो हे खरे, आणि त्याची फी बहुधा कर्जदाराच्याच खिशातून जाते हेही खरे. पण अहवाल जातो बँकेकडे. किती वर्षांचा शोध घ्यायचा आणि कोणत्या त्रुटीकडे काणाडोळा चालेल हे बँक ठरवते, कारण तिचा प्रश्न एवढाच असतो की दिलेले पैसे परत येतील का. ते पैसे घराच्या मालकीवरच अवलंबून नसतात. टायटल बुडाले तरी कर्जदाराने सही केलेले कर्ज बुडत नाही. घर हातचे जाते आणि हप्ता चालूच राहतो. या एका गोष्टीत दोघांचे हितसंबंध किती वेगळे आहेत ते दिसते. शिवाय बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने चुकीचे मत दिले, तर केवळ तेवढ्यावरून त्याच्यावर फौजदारी खटला चालवता येत नाही, कटातला सहभाग दाखवावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवले आहे. तो निकाल योग्यच आहे. पण ज्या अहवालाची प्रतही आपल्या हाती सहसा पडत नाही, त्यावर आयुष्याची पुंजी लावणाऱ्याने तो लक्षात ठेवावा.

रेराचा आधार या तिन्हींत सर्वात भक्कम वाटतो, म्हणून तो बारकाईने पाहिला पाहिजे. २०१६ च्या या कायद्याने ग्राहकाला पुष्कळ दिले. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, टायटल सदोष निघाले तर विकासकाकडून भरपाई मागता येते आणि त्या दाव्याला मुदतीचे बंधन नाही. विकासकाच्या वकिलाचा टायटल अहवालही महारेराच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. पण तो विकासकाच्या वकिलाचा असतो. आणि कागदच बनावट असतील तर काय होते ते डोंबिवलीने दाखवले. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत ६५ इमारतींसाठी बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवली गेली. लोकांनी घरे घेतली, अनेकांना बँकांनी कर्जेही दिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. रेरा क्रमांक, गृहकर्ज, नोंदलेला दस्त ही तिन्ही चिलखते अंगावर असलेली कुटुंबे त्यात होती. त्यांना जे हवे होते ते संकेतस्थळावर नव्हते. परवानगीपत्रावरचा जावक क्रमांक घेऊन कुणीतरी महापालिकेच्या नगररचना विभागात जायला हवे होते आणि त्या क्रमांकाची नोंद तिथल्या वहीत आहे का, असे विचारायला हवे होते. पुढे पडताळणी कडक झाली, असे कुणी म्हणेल. झाली असेल तर चांगलेच आहे. तरी जुन्या सदनिकेची फेरविक्री आणि आठपर्यंत सदनिकांचे छोटे प्रकल्प रेराच्या नोंदणीबाहेरच राहतात, आणि तालुक्याच्या गावांतली पुष्कळ घरे नेमकी तीच असतात.

आता स्थानिकतेचा मुद्दा. मुंबईतली मोठी सॉलिसिटर फर्म किंवा घरबसल्या अहवाल देणारी ऑनलाइन सेवा जास्त व्यावसायिक, असे मानणारा मोठा वर्ग आहे, आणि इंग्रजी मसुद्याच्या नेटकेपणात ती सरस असतीलही. पण महाराष्ट्रातली जमीन एका कायद्याखाली कधीच नव्हती. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १९४८ चा कुळकायदा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा, विदर्भात १९५८ चा स्वतंत्र. एकाच राज्यात कुळाचे हक्क तीन वेगवेगळ्या वाटांनी आले. त्यावर कोकणात खोती, मराठवाड्यात निजामकालीन इनामे आणि उर्दूतल्या नोंदी, नागपूरकडे नझूलचे भूखंड, नवी मुंबईत सिडकोचे भाडेपट्टे आणि साडेबारा टक्क्यांचे भूखंड, गावोगावी वतनाच्या आणि देवस्थानच्या जमिनी. इमारत कितीही नवी असली तरी तिच्याखालची जमीन यांपैकी कशातून तरी आलेली असते. इतर हक्काच्या रकान्यात 'कु.का. कलम ४३' एवढीच अक्षरे असतात. कुळाला मिळालेली ही जमीन पुढे विकताना शर्त पाळली गेली का, हे त्या अक्षरांवरून कळत नाही. त्यासाठी तहसीलमधली फाइल काढावी लागते. जुन्या उताऱ्यावर नावामागे 'ए.कु.मॅ.' लिहिलेले असते, म्हणजे तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून नोंदला गेला आणि भावंडांची नावे कधी लागलीच नाहीत. २००५ च्या दुरुस्तीनंतर, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने जन्मापासूनचा हक्क पक्का केल्यानंतर, त्या घरातल्या मुलींचा वाटाही शोधावा लागतो. दुसऱ्या फेरफारात 'अ.पा.क.' दिसते: अज्ञानाच्या वतीने पालनकर्त्याने जमीन विकली. तेव्हा न्यायालयाची परवानगी घेतली होती का? ही अक्षरे दिल्लीच्या कचेरीत बसलेल्या माणसाला वाचता येतील, पण त्यांचा त्या गावातला अर्थ त्याला सांगता येणार नाही. त्या कुटुंबातली एक बहीण कोल्हापूरला दिली आहे आणि तिने हक्कसोडपत्र दिलेले नाही, हे कुणाकडून कळेल ते रोज त्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलाला माहीत असते.

सीमा ओलांडून गोव्यात दुसरे घर घेणारे पुणे-मुंबईकर तर या बाबतीत सर्वात उघडे पडतात. तिथल्या कौटुंबिक कायद्याने पती-पत्नींची मालमत्ता सहसा सामाईक असते, म्हणून विक्रीच्या दस्तावर जोडीदाराचीही सही लागते. वारसांची वाटणी इन्व्हेंटरी नावाच्या वेगळ्या न्यायप्रक्रियेतून होते, आणि वारस लिस्बनपर्यंत पसरलेले असू शकतात. जुने दस्त पोर्तुगीजमध्ये, काही जमीन कोमुनिदाद या ग्रामसंस्थेची, घरात मुंडकार म्हणजे कायद्याचे संरक्षण असलेला रहिवासी. २०२२ मध्ये गोवा सरकारला बनावट जुन्या दस्तांवर जमिनी लाटल्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. महाराष्ट्रातला उत्तम वकीलही इथे नवखाच असतो.

सगळे आता ऑनलाइन आहे, हा आक्षेप जोरदार वाटतो, आणि महाभूलेख व नोंदणी विभागाच्या ई-शोधाने मोठी सोय केली हे मान्य केलेच पाहिजे. पण मुंबईबाहेर सूची दोनचा, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीचा, ऑनलाइन शोध साधारणपणे २००२ पासूनच्या नोंदींपुरता चालतो. तीस वर्षांच्या शोधाची वकिली रीत उगाच पडलेली नाही. गहाण सोडवून घेण्याचा दावा १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तीस वर्षांपर्यंत चालतो. म्हणजे उरलेल्या वर्षांसाठी त्या त्या कचेरीतल्या जाड वह्या चाळाव्या लागतात. त्यातही तालुक्याची कार्यालये फुटून नवी झालेली असतात. कोणत्या काळाचा दस्त कुठल्या कचेरीत नोंदला गेला, हे तिथला वकील सहज सांगतो. प्रांताधिकाऱ्यांकडे चालू असलेले महसुली अपील किंवा विक्रेत्याच्या चुलत्याने लावलेला वाटपाचा दावा संगणकावर विक्रेत्याच्या नावाने शोधला तर सापडेलच असे नाही. जाहीर नोटीससुद्धा त्या जिल्ह्यात वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात दिली तरच हरकतदाराच्या नजरेस पडते.

या सगळ्यावरचा खरा, टोचणारा आक्षेप वेगळाच आहे. तालुक्यात चार जाणते वकील असतात, आणि त्यातले दोन त्याच बिल्डरची कामे करतात. मग स्थानिक म्हणजे सामीलच नाही का? ही भीती खरी आहे आणि ती झटकून टाकणे अन्यायाचे होईल. दलालाने सुचवलेला, किंवा विक्रेत्याचे आणि घेणाऱ्याचे दोन्ही कागद एकाच टेबलावर करणारा वकील मुळीच नेमू नये. पण या दोषावरचा उपाय दूरचा वकील नाही. दूरचा वकील शोधाचे काम शेवटी त्याच गावातल्या कुणाला तरी सोपवतो, आणि तो कोण हे आपल्याला कळतही नाही. स्थानिक माणसाला निदान समोर बसवून विचारता येते की या विक्रेत्याचे, या बिल्डरचे काम तुम्ही गेल्या काही वर्षांत केले आहे का. पक्षकारांशी असलेला संबंध आरंभीच उघड करणे हे बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे त्याचे कर्तव्यच आहे. उत्तर लेखी मागावे. टाळाटाळ झाली तर शेजारच्या तालुक्यातला, पण त्याच जिल्हा न्यायालयात काम करणारा वकील घ्यावा. वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे, म्हणून चमकदार यादीत वर आलेले नाव काही सिद्ध करत नाही. ज्यांनी तिथे आधी घरे घेतली त्यांना, आणि शेजारच्या सोसायटीच्या सचिवांना विचारणे हीच जुनी वाट अजून विश्वासाची आहे.

वकील चुकला तर दाद कुठे मागायची, असेही विचारले जाते. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर ठेवली, त्यामुळे ग्राहक आयोगाचा सोपा दरवाजा बंद झाला. दिवाणी दावा आणि बार कौन्सिलकडची तक्रार एवढेच उरले. घेणाऱ्याच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे. पण ती वकील न नेमण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण वकीलच नसेल तर चूक करायलाही आपल्या बाजूला कुणी नसते. तिचा अर्थ एवढाच की अहवाल तोंडी घेऊ नये. कोणत्या कचेरीत, कोणत्या वर्षापासून शोध घेतला, शोध फीच्या पावतीचा क्रमांक काय, कोणते कागद मूळ पाहिले आणि कोणते फक्त झेरॉक्स, आणि काय सापडले नाही, हे त्यात लिहिलेले हवे. 'टायटल क्लिअर आहे' अशा एका ओळीचा अहवाल घेऊन कुणी फी देऊ नये.

आणि हे सगळे इसार देण्याआधी. आपल्याकडे क्रम उलटा चालतो: जागा आवडली की टोकन जाते, मग कर्ज, मग जमलेच तर वकील. तोवर विक्रेत्याच्या हातात लाख-दोन लाख गेलेले असतात, आणि वकिलाने दोष दाखवला तरी घेणारा त्याच्याकडे डोळेझाक करायला तयार होतो, कारण पैसे अडकलेले असतात. दहा-पंधरा दिवस थांबले तर जागा जाईल, ही भीती दलाल घालतोच. ज्याला थांबणे खरोखर शक्य नाही त्याने निदान इसारपावतीत एक वाक्य वकिलाकडून घालून घ्यावे: घेणाऱ्याच्या वकिलाचा अहवाल निर्वेध न आल्यास इसाराची पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. कागद साफ असलेल्या विक्रेत्याचे या वाक्याने काही जात नाही. तो ते मान्य करत नसेल, तर का करत नाही हे वकिलाने त्याच बैठकीत, पैसे हातातून सुटण्याआधी विचारावे.